वॉलमनची बाग

पूर्णगडच्या सड्यावर, टाकीच्या पायाशी
ग्रामपंचायतीनं दिलेली माझी खोली.
दारापुढं सहा पावलं कातळ.
त्यात एक घायपात. ठेंगणं.
रस्त्याकडेला असतं तसलं भाल्याएवढं नव्हे,
वीतभर उंच, ताटाएवढं रुंद,
बांगड्याच्या पाठीसारखं निळसर.

लोखंडे सिस्टरनी दिलं,
बदली होऊन जतला परत जाताना,
दूध पावडरच्या डब्यात.
म्हणाल्या, दया येऊन पाणी घालू नका.
तहान लागली तर बसून राहतं. मायेनं कुजतं.
मी म्हटलं, सिस्टर, इथं चार महिने
आभाळच घालतं, त्याला कोण सांगणार?
हसल्या. मग उताराचा विचार करा, म्हणाल्या.

उतार मला कळतो.
बावीस वर्षं तेच करतोय:
कुठल्या वाडीला पाणी आपसूक धावेल,
कुठल्या वाडीच्या पायपात हवा धरेल.
छिन्नीनं कातळात खळगा केला, तिरका,
खालच्या अंगाला फोडून वाट ठेवली.
चिरेखाणीतला चुरा, नदीची भरड वाळू
(समुद्राची नाही, तिच्यात मीठ),
माती म्हणायला दोन ओंजळी.
रोपही कललेलं लावलं,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखं,
म्हणजे पोटात थेंब थांबू नये.
आषाढात वरून काकडीच्या मांडवाचं जुनं प्लास्टिक,
चारी बाजू वाऱ्याला उघड्या.
पहिल्या वर्षी तीन पानं मऊ पडली.
ब्लेडनं कापली, जखमेला चुलीतली राख लावली.
दुसऱ्या वर्षी एकच.

खरं सांगायचं तर
दुसरं काही लावायची सोयच नव्हती.
एप्रिल-मेत चौथ्या दिवशी पाणी, पाऊण तास.
ज्याच्या हातात चाक, त्याच्या दारात
जास्वंदीला एक फूल आलं तरी
गाव पाकळ्या मोजतं.

तरी अर्ज झालाच.
'वॉलमनची बाग भर मे महिन्यात हिरवी आहे.'
पाणी कमिटी चढून आली, टळटळीत दुपारी,
बाळकृष्ण तोडणकर पुढं.
"पायप कुठनं घेतलास, दाखव."
चपलेच्या टोकानं दगड उलटे केले,
वाकून पानांखाली हात घातला
आणि मनगटात काटा गेला.
बसला तिथंच तापल्या कातळावर, मनगट तोंडात धरून.
मग दुसऱ्या हातानं खालची वाळू उचलली,
बोटांतून सोडली.
पुन्हा उचलली.
मी तांब्या आणला, माझ्या वाट्यातला.
सगळा प्याला.
कागदावर त्यांनी लिहिलं:
'एक काटेरी झाड. पाणी आढळले नाही.'

या झाडाचं एक पाहिलंय.
कोवळं पान मिटलेलं असतं तेव्हा
शेजारच्याला इतकं चिकटून असतं
की सुटं झाल्यावर त्याच्या पाठीवर
दुसऱ्याच्या दातांची नक्षी राहते. जन्मभर.
माझ्या तळव्यात चाकाची आहे तशी.
सिस्टरच्या हातावर कसली असेल,
विचारलं नाही कधी.
नंबर आहे.

फुलतं म्हणतात, एकदाच.
मधून दांडा निघेल माणसापेक्षा उंच,
आणि झाड बसल्या जागी सुकेल.
दहा वर्षांनी, पंधरा.
मी तीन वर्षांत निवृत्त.
नव्या माणसाला चाव्या देताना सांगायला हवं:
खारवीवाडीचा वॉल अर्धा फेरा जास्त,
आणि याला काही देऊ नकोस.

यंदा बुडाशी दोन पिल्लं आली.
एक तोडणकरनं मागितलं.
मागितलं म्हणजे, बोलला काही नाही.
सकाळी दाराशी रिकामा डबा होता,
तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला.